परदेशातल्या मराठी मंडळाचा नवख्याला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात टोरांटोला निघालोय, तिथल्या मराठी मंडळाची वर्गणी भरावी की ही मंडळं म्हणजे नुसते गणपती आणि मोदक? मी कॅनडा पाहिलेला नाही. पण गुहागरकडून मुंबईत आलो तेव्हा गाववाल्यांच्या सामायिक खोलीत, म्हणजे ‘बैठकीच्या खोलीत’, चार वर्षं काढलीत, आणि नंतर एका गोवेकर मित्रामुळे धोबी तलावची एक कूडही आतून पाहिली. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

कूड म्हणजे कोकणीत खोली. मुंबईकर तिला ‘क्लब’ म्हणतो. डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे तोवर इथे येणारा गोवेकर दुसऱ्या राज्यातून नाही, दुसऱ्या मुलखातून येत होता. कुणी आचारी, कुणी बँडवाला, आणि बरेचसे तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे. बोट मिळेपर्यंत महिना महिना बंदरावर हेलपाटे घालायचे. लॉजचं भाडं परवडायचं कुणाला? मग एकेका गावाने मुंबईत आपली खोली केली. धोबी तलाव, डाबूळ, माझगाव या भागांत अशा शेकडो कुडी होत्या. मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महालात तर एकाच इमारतीत गावंच्या गावं नांदायची.

आत गेलो तेव्हा खाट दिसली नाही. भिंतीला लागून ट्रंका, आणि समोर वेदीवर गावच्या चर्चचा सांत, म्हणजे संत. ‘ही ट्रंक म्हणजे माझा पत्ता’ असं मित्र म्हणाला. माणूस वर्षभर समुद्रावर असला तरी ट्रंक जागची हलत नाही. रात्री तिच्यासमोर पथारी टाकायची. भाडं नाममात्र. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि तिला हजर राहायचं हा नियम. तेर्स आटोपला की पत्ते, कॅरम आणि कोणत्या कंपनीत भरती चाललीय याच्या बातम्या. त्या बातम्या भाड्यापेक्षा मोलाच्या होत्या.

यातली मला पटलेली गोष्ट अशी की तिथे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. तुम्ही त्या गावचे, म्हणून जागा तुमची. आमच्या खोलीतही तेच. पहिल्या रात्री एका म्हाताऱ्याने माझं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, वाडी विचारली, आणि वहीत लिहून घेतलं. ‘पहाटे चारला पाणी येतं, ह्या आठवड्यात तू भर.’ झालं स्वागत! पण वहीत नाव आल्यावर मी कुणाकडे पाहुणा राहिलो नाही. महिन्याच्या बैठकीला गैरहजर राहिलं तर दंड होता, आणि तो मी दोनदा भरलाय.

‘संस्कृती जपूया’ हे वाक्य तिथे मी कधी ऐकलं नाही. तेर्स होता कारण तो नियम होता. आमच्याकडे शिमग्याला पालखीची वर्गणी गावी जायची, कारण ती वहीत लिहिलेली असायची. भजन रोज रात्री व्हायचं, कारण चौदा माणसांच्या खोलीत त्याशिवाय दुसरं करणार काय? आणि परगावी जमलेली माणसं जुनं नुसतं सांभाळतात असंही नाही. गोव्याचं म्हणून जे तिआत्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक, आपण ओळखतो, त्याचा पहिला प्रयोग गोव्यात नाही, मुंबईत झाला, १७ एप्रिल १८९२ रोजी.

आता दुसरी बाजू. कूड पुरुषांची. गोव्यातून आया म्हणून आलेल्या बायकांना त्या ट्रंकांच्या रांगेत जागा नव्हती. शिवाय ‘आपलं गाव’ म्हणताना गावातली सगळी माणसं धरलेली असतातच असं नाही. एकाच गावच्या दोन कुडी कशा, हे विचारलं की उत्तर वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, आणि जातीवर येऊन थांबतं. आमची खोलीही गावाची म्हणायची, प्रत्यक्षात एका वाडीची आणि एकाच जातीची. तेव्हा मला ते दिसलं नाही, कारण मी आतल्या बाजूला होतो. कुडी आता ओसरल्यात. गोव्याची मुलं विमानाने थेट आखातात जातात, आणि इमारतीही थकल्यात.

तर तुमच्या टोरांटोचं. अमेरिका-कॅनडातल्या मंडळांची शिखरसंस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ पासून आहे. तिची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात आणि थाटात होतात. पण पहिल्या महिन्यात तुम्हाला अधिवेशन उपयोगी नाही. वर्गणी भरण्याआधी तिथल्या मंडळाला साधं विचारा: पहिले पंधरा दिवस राहायला कुणाकडे तळघरातली खोली मिळेल का? थंडीचा जुना कोट कुणी देईल का? भाड्याच्या करारावर सही करण्याआधी तो वाचून कोण देईल? यातल्या एकाला जरी माणसाचं नाव आणि फोन नंबर असं उत्तर आलं, तर वर्गणी भरा. ‘गणपतीला या, भेटू’ एवढंच आलं तर गणपतीला जा, जेवा, आणि मागे भांडी घासायला थांबा. खोलीची चौकशी तिथे करा, मंचासमोर नको.