चौघांना पुढे ठेवलं तर मधे कोण?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही लालबागला चाळीत राहतो, रात्री गॅलरीत कॅरम लागला की खेळ कमी आणि फुटबॉलवर भांडणंच जास्त. माझं म्हणणं एवढंच की इंडियाने सरळ ४-२-४ लावावं, चार जण पुढे, होऊ दे काय व्हायचं ते. मोठा भाऊ म्हणतो, वेडा आहेस का, अर्धा डझन गोल खाऊ. कोण बरोबर?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : दादा, तुमचा राग मला पूर्ण कळतो. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशिया कपमध्ये ऑस्ट्रेलियाने २-०, उझबेकिस्तानने ३-०, सीरियाने १-० असं हरवलं आणि तीन मॅचमध्ये आपला एक गोल नाही, ते बघताना पोटात कालवत होतं. तरी पण भाऊ म्हणतो त्यात तथ्य आहे.

कॅरम समोर आहेच ना, मग त्यावरच बघू. नऊ पांढऱ्या आणि क्वीन मिळून दहा खेळाडू झाले, गोलकीपर म्हणून स्ट्रायकर ठेवा. खाली चार, मधे दोन, वर चार, हेच ४-२-४. आता समोर काळ्या ४-३-३ ने लावा, काळ्या नऊच असतात त्यामुळे दहाव्याला शर्टाचं बटण चालेल. मधे बघा, त्यांचे तीन आणि आपले दोन, म्हणजे तो तिसरा कायम मोकळा, बॉल त्याच्याकडे गेला की तो वळून थेट आपल्या डिफेन्सच्या अंगावर येतो. मैदान ६८ मीटर रुंद असतं, एकेकाच्या वाट्याला ३४ मीटर, सत्तराव्या मिनिटाला त्या दोघांचे पाय उचलत नाहीत.

मग ब्राझील १९५८ चा वर्ल्ड कप यावरच कसा जिंकलं, फायनलमध्ये स्वीडनला ५-२ कसं हाणलं? तर झागालो नावाचा त्यांचा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेने पुढे खेळणारा, होता, बॉल हातचा गेला रे गेला की तो धावत मागे यायचा, मधल्या दीदी आणि झितोच्या जोडीला तिसरा म्हणून उभा राहायचा. कागदावर ४-२-४, पण बॉल नसताना ४-३-३. वरची डावीकडची सोंगटी चार बोटं खाली ओढा, भाऊ पण गप्प बसेल.

आणि हे आपल्याला परकं नाही हो! आपले तेव्हाचे कोच सय्यद अब्दुल रहीम, त्या रहीमसाहेबांनी आपल्याकडे ४-२-४ आणली, त्यांच्याच टीमने १९६२ ला जकार्तात एशियाडचं गोल्ड आणलं, फायनलमध्ये दक्षिण कोरियाला २-१ हरवून. जर्नेल सिंग मूळचा डिफेंडर, डोक्याला टाके पडलेले, त्याला रहीमसाहेबांनी सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधे सगळ्यात पुढे खेळणारा, केलं आणि पठ्ठ्याने सेमीफायनलला पण गोल मारला, फायनलला पण. त्याआधी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं तेव्हा हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा तर आपल्या मुंबईच्या मैदानांवर खेळलेला. अटॅक आपल्या रक्तात नाही असं कोणी म्हटलं की मला खरंच त्रास होतो.

आज लावायची तर माझं मत असं : घरच्या मैदानावर नेपाळ, मालदीवसारखी टीम खाली दबून बसली असेल तेव्हा पहिल्या मिनिटापासून लावा, बिनधास्त. ऑस्ट्रेलियासमोर नको, तिथे शेवटची वीस मिनिटं आणि एक गोल मागे असू तरच. आपल्या टीमचा छांगते उजव्या विंगला, म्हणजे उजव्या कडेला, खेळतो पण पाय डावा, तो बॉल घेऊन आत शिरतो, मग बाहेरची पट्टी मोकळी पडते, तिथे राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा डिफेंडर, वर गेलाच पाहिजे आणि तो गेला की मागे उरले तीनच. हे झाकायला डावीकडचा विंगर झागालोसारखा पळणारा हवा. तो सापडत नाही तोवर ४-२-४ म्हणजे मधे भगदाडच.

प्रश्न : सर, ४-२-४ राहू दे, मग ३-४-३ का नाही?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : लावता येईल, पण मागचे तिघे तितके फास्ट हवेत, त्यांच्या पाठीमागे मोठी मोकळी जागा राहते. शिवाय समोरच्याने जोर लावला की दोन्ही बाजूचे विंग बॅक, म्हणजे मधल्या चौघांतले कडेचे दोघे, घाबरून खाली येतात, वरचे विंगर पण मागे सरकतात आणि बघता बघता तुमचं ५-४-१ झालेलं असतं, पुढे एकटा स्ट्रायकर हात वर करून बॉल मागत उभा.