मॅलार्ड हे ब्रिटिश वाफेचं रेल्वे इंजिन वेगाच्या रेकॉर्डनंतर म्युझियममध्ये गेलं का?

नाही हो, लगेच नाही! 3 जुलै 1938 ला ताशी 126 मैल म्हणजे साधारण 203 किमी स्पीड गाठला तेव्हा इंजिन जेमतेम 4 महिन्यांचं होतं, त्याच रनमध्ये एक बेअरिंग तापून गेलं, ते दुरुस्त करून परत कामाला लावलं आणि 1963 पर्यंत पॅसेंजर गाड्या ओढल्या, एकूण जवळपास 15 लाख मैल. मला तर रेकॉर्डपेक्षा रोजचं कामच भारी वाटतं. लंडन-एडिनबरा नॉनस्टॉप गाडीला टेंडरमधूनच, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातूनच, बोळ काढलेला, अर्ध्या वाटेत दुसरा ड्रायव्हर-फायरमन डब्यातून चालत इंजिनवर यायचे, आणि पाणी रुळांमधल्या लांब हौदातून पळता पळताच उचलायचे. आता मॅलार्ड इंग्लंडमधल्या यॉर्कच्या म्युझियममध्ये आहे.