वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचे नेमके निदान

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीच्या रक्ताच्या अहवालात ब्लास्ट पेशी ३४ टक्के आल्या. डॉक्टरांनी अ‍ॅक्यूट ल्युकेमिया (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग) असल्याचे सांगितले, मात्र अस्थिमज्जेच्या तपासणीचे सर्व अहवाल येईपर्यंत मुख्य उपचार सुरू करता येणार नाहीत, असेही ते म्हणाले. कर्करोगाच्या पेशी रक्तातच दिसत असताना एवढ्या तपासण्या कशासाठी? या दिवसांत आजार बळावणार नाही का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, कारण हा आजार खरोखरच झपाट्याने वाढतो. निरोगी अस्थिमज्जेत (हाडांच्या आतील रक्त तयार करणाऱ्या मऊ भागात) मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स टप्प्याटप्प्याने तयार होतात. अ‍ॅक्यूट ल्युकेमियामध्ये अशा एखाद्या आरंभीच्या पेशीच्या जनुकांत बदल घडतात आणि ती पक्व होण्याचे थांबते, विभाजन मात्र चालूच ठेवते. तिच्यापासून निर्माण झालेल्या अपरिपक्व पेशी, म्हणजेच ब्लास्ट, मज्जेत साचत जातात आणि निरोगी रक्तनिर्मिती मागे पडते. थकवा, धाप, वारंवार येणारा ताप, हिरड्यांतून रक्त येणे, कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटणे ही नेहमीची लक्षणे मुख्यतः निरोगी पेशी कमी पडल्यामुळे दिसतात.

रक्तात किंवा मज्जेत ब्लास्ट २० टक्के किंवा त्याहून अधिक असले की सामान्यतः अ‍ॅक्यूट ल्युकेमियाचे निदान केले जाते. त्यामुळे ३४ टक्के हा आकडा आजाराचे घराणे सांगतो. त्यातला नेमका आजार कोणता, हे तो सांगत नाही. पहिला फरक मायलॉइड आणि लिम्फॉइड (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घडवणारी) या रक्तपेशींच्या दोन शाखांचा असतो आणि दोहोंची औषधे, उपचारांचा कालावधी आणि मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत आजार पोहोचण्याची शक्यता, सारेच निराळे असते. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट पेशीत ऑअर रॉड नावाची लालसर काडी दिसली तर ती मायलॉइड असल्याची खात्रीची खूण मानतात, पण पुष्कळ रुग्णांत ती दिसत नाही आणि नुसत्या रूपावरून दोन्ही शाखांचे ब्लास्ट वेगळे ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. म्हणून फ्लो सायटोमेट्री करतात. या तपासणीत पेशींवरील आणि पेशींच्या आतील प्रथिनांना चमकणारी प्रतिपिंडे जोडून यंत्र हजारो पेशी एकेक करून मोजते. मायलोपेरॉक्सिडेज, सीडी १३, सीडी ३३, सीडी ११७ या प्रथिनांचा संच मायलॉइड शाखेकडे, सीडी १९, सीडी २२ आणि सीडी ७९ए यांचा संच बी-लिम्फॉइडकडे, तर पेशीच्या आत आढळणारे सीडी ३ हे टी-लिम्फॉइडकडे निर्देश करते. हा अहवाल बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो.

वेळ लागतो तो गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या तपासणीला. गुणसूत्रे नीट दिसण्यासाठी पेशी प्रयोगशाळेत जिवंत ठेवून विभाजनाच्या क्षणी थांबवाव्या लागतात. मात्र याच अहवालावर पुढचे मोठे निर्णय अवलंबून असतात. मायलॉइड ल्युकेमियात एफएलटी ३ जनुकात बदल असेल तर त्याला रोखणारे औषध केमोथेरपीला जोडता येते. लिम्फॉइड ल्युकेमियात ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून घडणारे फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडले, तर इमॅटिनिबच्या कुळातील गोळ्या उपचारांत येतात; या गोळ्या येण्यापूर्वी हा प्रकार अतिशय वाईट समजला जात असे. मूलपेशींचे प्रत्यारोपण लागेल की टाळता येईल, हेही बऱ्याच अंशी इथेच ठरते. शिवाय उपचार सुरू झाल्यावर कर्करोगाच्या पेशींचा उपचारांपूर्वीचा असा नमुना पुन्हा मिळत नाही. निदानाच्या वेळी टिपलेल्या खुणाच पुढे दहा हजार पेशींत उरलेली एखादी कर्करोगाची पेशी शोधायला उपयोगी पडतात.

दरम्यान आपल्या बहिणीवर काहीच उपचार होत नाहीत असे समजू नये. रक्त व प्लेटलेट्स देणे, तापाचा तातडीने बंदोबस्त करणे, शिरेतून द्रव देणे, युरिक अ‍ॅसिड वाढू न देणे आणि पांढऱ्या पेशी फारच वाढल्या असतील तर त्या औषधाने खाली आणणे, हे सारे ताबडतोब सुरू होते. प्रकृती स्थिर असेल तर मायलॉइड ल्युकेमियात जनुकीय अहवालासाठी काही दिवस थांबणे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे. प्रकृती ढासळत असेल तर डॉक्टर थांबत नाहीत.

एका प्रकारात मात्र तासाभराचाही विलंब परवडत नाही, आणि हे मला आग्रहाने सांगायचे आहे. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलून पीएमएल आणि आरएआरए ही जनुके जोडली जातात. यात रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोलमडते आणि पहिल्या काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू शकतो. शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड वापरून या ब्लास्ट पेशींना पक्व व्हायला भाग पाडता येते, हे दाखवून दिले. आज या औषधाला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड दिली की, निदानावेळी पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नसलेले दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. म्हणून केवळ संशय आला तरी पहिली मात्रा द्यायची आणि जनुकाची खात्री मागाहून करायची, असा नियम आहे.

प्रश्न : पूर्वी माझ्या काकांच्या अहवालात ‘एएमएल एम-२’ (एएमएल म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) एवढेच लिहिलेले होते. आता एका स्नेह्यांच्या अहवालात जनुकांची लांबलचक नावे आणि दोन वेगवेगळी निदाने आहेत. आजार बदलला की नावे?

उत्तर : आजार तोच आहे, त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलली आहे. फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी १९७६ साली केलेल्या वर्गीकरणात पेशींचे रूप आणि त्यांची रंजनक्रिया (विशिष्ट रंग लावल्यावर त्या कशा दिसतात) यांवर भर होता. मायलॉइड प्रकारांना एम आणि लिम्फॉइड प्रकारांना एल-१ ते एल-३ अशी नावे मिळाली, पुढे एम-० आणि एम-७ यांची भर पडली आणि निदानासाठी ३० टक्के ब्लास्टची अट होती. जगभरच्या प्रयोगशाळांना प्रथमच एक समान भाषा मिळाली, हे त्या वर्गीकरणाचे फार मोठे श्रेय आहे. त्याची मर्यादा अशी की एम-२ या एकाच शीर्षकाखाली ८ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल असलेले, केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देणारे रुग्णही येत आणि अगदी वेगळे जनुकीय दोष असलेले रुग्णही येत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ च्या वर्गीकरणात ही अट २० टक्क्यांवर आणली आणि जनुकीय दोषांना स्वतंत्र स्थान दिले. त्यानंतर २०२२ मध्ये दोन वर्गीकरणे पुढे आली, एक याच संघटनेचे आणि दुसरे आंतरराष्ट्रीय सहमती वर्गीकरण. संघटनेच्या मते ठरावीक जनुकीय दोष सापडला, तर दोन-तीन अपवाद वगळता, ब्लास्ट २० टक्क्यांहून कमी असले तरी तो अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच होय. दुसऱ्या वर्गीकरणात अशा बहुतेक दोषांसाठी किमान १० टक्के ब्लास्ट लागतात. त्यामुळे एनपीएम १ जनुकात बदल आणि मज्जेत ७ टक्के ब्लास्ट असलेल्या रुग्णाला एका पद्धतीने ल्युकेमिया म्हटले जाते आणि दुसरीने म्हटले जात नाही. आपल्या स्नेह्यांच्या अहवालात दोन निदाने असण्याचे कारण बहुधा हेच असावे. एकाच आजाराला दोन नावे मिळणे रुग्णाच्या हिताचे नाही असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु दोन्ही नावे लिहून देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने ते प्रामाणिकपणेच केलेले असते. अशा वेळी नावापेक्षा सापडलेले जनुक, ब्लास्टचे प्रमाण, वय आणि पूर्वी घेतलेली केमोथेरपी किंवा रेडिएशन यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : चार वर्षांच्या भाच्याला ताप आणि पाय दुखण्याचा त्रास होता. संधिवात समजून स्टेरॉइड सुरू होणार होते, तेवढ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी आधी अस्थिमज्जा तपासू असे सुचवले. रक्तात तर एकही ब्लास्ट नव्हता. हा सल्ला योग्य होता का?

उत्तर : पूर्णपणे योग्य होता. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लिम्फॉइड शाखेचा ल्युकेमिया, दोन ते पाच वर्षांच्या मुलांत सर्वाधिक आढळतो आणि मज्जा ब्लास्टने गच्च भरल्यामुळे हाडे दुखणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. अशा मुलांत पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतातच असे नाही. त्या कमीही असतात आणि रक्तात ब्लास्ट न दिसताही मज्जा त्यांनी भरलेली असू शकते. हाडे दुखत असताना हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स घटलेल्या असणे, यकृत-प्लीहा वाढणे, रात्री दुखण्याने जाग येणे, यांपैकी काहीही असेल तर मज्जा पाहायलाच हवी. स्टेरॉइड लिम्फोब्लास्टना मारते. त्याने मूल काही दिवस बरे दिसते, निदान हातून निसटते, आजाराची जोखीम ठरवणे अवघड होते आणि अपुऱ्या औषधाला सरावलेल्या पेशी मागे राहू शकतात.

प्रश्न : मी प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे. जनुकीय तपासण्या आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी (तिच्यावर पसरलेले रक्त किंवा मज्जा) पाहण्याला कितपत अर्थ उरला आहे?

उत्तर : पुष्कळ अर्थ उरला आहे. ऑअर रॉडच्या जुड्या असलेली पेशी ओळखून प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा इशारा काही मिनिटांत देते ती काचपट्टीच. ‘ब १२’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत मज्जा अपरिपक्व पेशींनी भरलेली दिसते आणि तिथे होऊ शकणारी गफलतही काचपट्टी नीट पाहिली तर टळते. आपण मज्जेत ५०० आणि रक्तात २०० पेशी मोजण्याची शिस्त अंगी बाणवावी. कमरेच्या हाडातून ओढलेल्या द्रवाचा पहिला अंश काचपट्टीसाठी ठेवावा, कारण नंतरच्या अंशात रक्त मिसळून ब्लास्टचे प्रमाण खोटेच कमी दिसते. फ्लो सायटोमेट्रीचा नमुना ईडीटीएच्या आणि गुणसूत्रांचा हेपॅरिनच्या नळीत पाठवावा (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्ये आहेत). सुईतून द्रव आलाच नाही तर हाडाचा बारीक तुकडा काढून घ्यावा लागतो. त्याचा ठसा काचपट्टीवर उमटवून मगच तो तुकडा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) टाकावा, कारण फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचा असा ठसा पुन्हा घेता येत नाही.