वाचकांचे प्रश्न : इअरहार्ट यांचे विमान आणि आपले तर्क

प्रश्न : वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्या बेपत्ता होण्याविषयी मिळेल ते मी वाचले आहे. त्यांचे विमान प्रशांत महासागरातील, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मार्शल बेटांवर उतरले आणि जपानी सैन्याने त्यांना कैद केले, असे माझे मत बनले आहे. तज्ज्ञ नसलेल्या वाचकाच्या अशा तर्काला काही मोल असते का? आणि तो पारखावा कसा?

उत्तर : वादाच्या पलीकडचे काय आहे ते आधी वेगळे काढू या. 2 जुलै 1937 रोजी इअरहार्ट आणि त्यांचे नॅव्हिगेटर (विमानाची दिशा व ठिकाण ठरवणारे सहकारी) फ्रेड नूनन न्यू गिनीतील लाए येथून लॉकहीड इलेक्ट्रा विमानाने निघाले. त्यांना सुमारे 4,100 किलोमीटरवरचे प्रशांत महासागरातील हाऊलंड बेट गाठायचे होते आणि या बेटाची लांबी अडीच किलोमीटरही नाही. अमेरिकी तटरक्षक दलाचे ‘इटास्का’ हे जहाज त्यांच्यासाठी तेथे थांबले होते. सकाळी 7.42 वाजता जहाजाला इअरहार्ट यांचा संदेश मिळाला : आम्ही तुमच्या जवळच असायला हवे, पण तुम्ही दिसत नाही आणि इंधन कमी होत आहे. त्यानंतर तासाभराने ‘157-337’ या रेषेवरून (होकायंत्राच्या अंशांत सांगितलेल्या आग्नेय-वायव्य दिशेच्या रेषेवरून) उड्डाण सुरू असल्याचे त्यांनी कळवले. जहाजावर त्यांचा आवाज स्पष्ट आणि जोरात येत होता, मात्र जहाजावरून बोललेले त्यांना ऐकू जात नव्हते. पुढे निश्चितपणे त्यांचा म्हणता येईल असा एकही संदेश नाही. नौदलाची शोधमोहीम दोन आठवड्यांहून थोडी अधिक चालली आणि जानेवारी 1939 मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.

आता आपला तर्क या नोंदींशेजारी ठेवून पाहा. मार्शल बेटांपैकी त्या बाजूचे मिली हे बेट हाऊलंडपासून वायव्येला सुमारे 1,400 किलोमीटरवर आहे. इलेक्ट्राचा प्रवासवेग ताशी 240 किलोमीटरच्या आसपास धरला, तर तेथे पोहोचायला जवळजवळ सहा तास लागतात. इंधन संपत आल्याचे सांगणाऱ्या वैमानिकाकडे आणखी सहा तासांचे इंधन कोठून आले, आणि आवाज इतका जोरात येत होता तर विमान हाऊलंडपासून फार दूर कसे असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय आपल्या मताला पुढे जाता येणार नाही. कैदेच्या कथेत बेटवासीयांच्या अनेक आठवणी सांगितल्या जातात, पण त्यांतील बहुतेक घटनेनंतर कित्येक वर्षांनी नोंदवलेल्या आहेत, आणि तोवर प्रश्न विचारणाऱ्याला कोणते उत्तर हवे आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक झालेले असते.

2017 मध्ये याच तर्काला एका छायाचित्राचा आधार मिळाल्याचा गाजावाजा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील त्या चित्रात मार्शल बेटांपैकी जालुइट बेटाच्या धक्क्यावर पाठमोरी बसलेली व्यक्ती इअरहार्ट असल्याचे दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात सांगण्यात आले. चेहऱ्यांच्या आणि शरीराच्या ठेवणीच्या तुलनाही झाल्या. काही दिवसांतच जपानमधील एका हौशी लेखकाने आपल्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात शोध घेतला आणि तेच छायाचित्र 1935 मध्ये छापलेल्या प्रवासपुस्तकात दाखवून दिले. उड्डाण झाले 1937 मध्ये. तेव्हा चर्चा तेथेच संपली. हौशी माणसाचे मोल कोठे असते याचे उत्तर मला या प्रसंगात दिसते. त्याने नवी कथा रचली नाही, एका कागदाची तारीख तपासली. हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे, तरीही ते फार थोडे लोक करतात, कारण त्यात आपली लाडकी कल्पना मरण्याची शक्यता असते.

विमान निकुमारोरो बेटावर उतरले आणि इअरहार्ट तेथेच वारल्या, या प्रतिस्पर्धी तर्कालाही हीच कसोटी लावावी. हे बेट हाऊलंडच्या आग्नेयेला सुमारे 650 किलोमीटरवर, वर सांगितलेल्या रेषेच्या जवळ येते, ही त्या तर्काची खरी ताकद. 1940 मध्ये तेथे काही मानवी अस्थी सापडल्या. 1941 मध्ये फिजीतील एका डॉक्टरांनी त्या अस्थी कोणा पुरुषाच्या असल्याचे मत दिले आणि पुढे त्या हरवल्या. उरलेल्या मापांचा 2018 मध्ये पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा ती मापे तुलनेसाठी घेतलेल्या 99 टक्के व्यक्तींपेक्षा इअरहार्ट यांच्याशी अधिक जुळतात असा निष्कर्ष निघाला. आकडा भारदस्त आहे, पण इअरहार्ट यांची स्वतःची मापे छायाचित्रांवरून आणि कपड्यांवरून काढलेली होती. शिवाय 1929 मध्ये याच बेटावर एक मालवाहू जहाज फुटून त्यातील काही खलाशी मेले होते, हेही विसरून चालत नाही.

माझे मत विचाराल, तर विमान हाऊलंडजवळच समुद्रात पडले असावे. तेथील पाणी पाच हजार मीटरच्या आसपास खोल आहे, त्यामुळे काही न सापडण्यात नवल नाही. 2024 च्या सुरुवातीला त्या भागात समुद्रतळावर विमानासारखी आकृती सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे चित्र टिपणाऱ्या यंत्रावर) दिसली आणि मोठ्या बातम्या झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तो खडक निघाला. हे उत्तर नीरस आहे हे मान्य, आणि माझा तर्कही अद्याप तर्कच आहे. समुद्रतळावर विमान अन्यत्र सापडले, तर मी तो सोडीन. आपणही आपले मत कोणत्या पुराव्याने मोडेल ते आधी लिहून ठेवावे. असा एकही पुरावा सुचत नसेल, तर आपण चौकशी थांबवली आहे असे समजावे.

प्रश्न : इतक्या जुन्या प्रकरणात तर्क लढवल्याने कोणाचे काय बिघडते?

उत्तर : बिघडू शकते. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणारी एक महिला हीच नाव बदलून जगणारी इअरहार्ट असल्याचे सुचवले. त्या महिलेने पत्रकारांना बोलावून ते ठामपणे नाकारले, प्रकाशकाविरुद्ध दावा लावला, आणि पुस्तक विक्रीतून मागे घेण्यात आले. तरीही तिच्या मृत्यूनंतरसुद्धा तोच संशय पुन्हा पुन्हा उकरला गेला. जेथे नातेवाईक अजून वाट पाहत आहेत अशा ताज्या प्रकरणांत तर कोणाचेही नाव घेऊन संशय जाहीर करू नये. ठोस माहिती असेल, तर ती कधी व कोठून मिळाली याच्या नोंदीसह तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.