ओठ का सुटले, तिथून सुरुवात करा: गाण्याच्या व्हिडिओवरचं चिंतन

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ३ मिनिटं ४० सेकंदांचं गाणं, मोबाइलवर दोन दिवसांत शूटिंग, सोलापुरातली ठिकाणं तीन: यंत्रमागाचा कारखाना, सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि भुईकोट किल्ल्यासमोरचा रस्ता. व्हिडिओ कॉलेजात जमा झाला. त्यात ओठ गाण्याशी जुळत नाहीत, कारखान्यात काळे पट्टे दिसतात, डोळ्यांवर सावली आहे आणि शेवटी तेच ते शॉट परत येतात. आता १५०० शब्दांचं चिंतन लिहायचंय आणि पहिल्या मसुद्यावर मॅडमचा शेरा आलाय, 'हे फक्त काय काय केलं ते झालं.'

शेरा बरोबर आहे. दिवसांच्या क्रमाने लिहिलं की रोजनिशी होते. तुम्ही एडिटिंगच्या टाइमलाइनवरून (क्लिप वेळेप्रमाणे मांडलेली पट्टी) उलटे जा: दोष कितव्या सेकंदाला दिसतो, तो कशाने आला, आणि त्यामागचा निर्णय कुणी, कधी घेतला.

तुमची मुख्य तक्रार ओठ गाण्याशी जुळत नाहीत ही आहे. इथे आधी एक तपासा: शॉट सुरू होतानाच ओठ पुढे-मागे आहेत, की सुरुवातीला जुळतात आणि नंतर सुटत जातात? हे दोन निराळे दोष आहेत आणि त्यांची कारणंही निराळी.

सुटत जात असतील तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) घेतली जातात, तो पाहा. उजेड कमी झाला की बरेच फोन आपोआप सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम घेतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र वेग कायम धरून चालतं, त्यामुळे चित्र हळूहळू सरकतं. कारखान्यातलेच शॉट जास्त बिघडले असतील तर कारण बहुतेक हेच. क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या. पुढच्या वेळी कॅमेरा अ‍ॅपमध्ये वेग आधीच लॉक करा.

सुरुवातीपासून सारखाच फरक असेल तर अंतर मोजा, कारण शूटिंगला गाणं स्पीकरवर वाजतं आणि गायक ते ऐकून ओठ हलवतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे ३० च्या वेगात एका फ्रेमला साडेअकरा मीटर. तलावाकाठच्या लांबच्या शॉटमध्ये गायक ३५ मीटरवर आणि स्पीकर कॅमेऱ्याजवळ असेल, तर त्याला गाणं तीन फ्रेम उशिरा ऐकू येतं आणि ओठ तेवढेच मागे राहतात. स्पीकर गायकाजवळ ठेवला तर उलटं होतं: कॅमेऱ्याच्या माइकला आवाज उशिरा पोचतो, म्हणून त्यावरून जुळवल्यावर ओठ तीन फ्रेम पुढे दिसतात. दोन्हींत क्लिप तेवढ्या फ्रेम सरकवली की काम होतं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. ती अक्षरं पकडून जुळवा.

मागाच्या कारखान्यात तिसरीच अडचण असते. माग चालू असताना स्पीकर गायकालाही ऐकू जात नाही आणि कॅमेऱ्याच्या माइकवर नुसती खडखड येते. मग जुळवायचं कशावरून? ओठांचे शॉट आसपासचे माग थांबवूनच घ्यावेत, आणि चालत्या मागाचे शॉट ओठांशिवाय. थांबवणं जमत नसेल तर कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कानात वायरचा इयरफोन द्या. ब्लूटूथ नको, त्यात आवाज मागे पडतो. प्रत्येक टेकच्या आरंभी गाणं वाजवणाऱ्या फोनचा पळता टायमर दोन सेकंद कॅमेऱ्यासमोर धरा, म्हणजे त्यावरून जुळवता येईल. (ओढणी आणि मोकळे केस चालत्या मागाजवळ नेऊच नका. या बाबतीत शॉट सोडून द्यायची तयारी हवी.)

तिथल्याच शॉटमधले सरकते काळे पट्टे हा कॅमेऱ्याचा बिघाड नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे जातात. १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर १/१२० पेक्षा सावकाश जाऊच शकत नाही, म्हणून तो शॉट उन्हात घ्यायचा होता. चिंतनात 'लाइट खराब होता' असं न लिहिता हे लिहा.

डोळ्यांच्या खोबणी काळ्या का आल्या, त्याचं उत्तर सोलापूरच्या जागेतच आहे. शहर साधारण १७.७ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. कपाळाची सावली डोळ्यांत पडते. पांढऱ्या थर्माकोलचा एक पत्रा छातीखाली आडवा धरला तरी चेहरा उघडतो. त्याहून चांगलं म्हणजे सकाळी साडेआठच्या आत उरकणं. किल्ल्याच्या आतले शॉट का नाहीत, तेही एका वाक्यात लिहा: वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि परवानगीचा अर्ज वेळेत केला नव्हता. हाही निर्णयच होता.

शेवटच्या कडव्यात तेच ते शॉट परत येतात, त्याचा हिशोब मांडा. २२० सेकंदांच्या गाण्यात सरासरी ३ सेकंदांचा शॉट धरला तर ७३ शॉट लागतात. तुमच्याकडे वापरण्याजोगे ४१ होते, असं तुम्हीच लिहिलंय. कमी शॉटमध्येही गाणं उभं राहतं, पण मग शॉट लांब आणि हालता घ्यावा लागतो, आणि ते शूटिंगआधी ठरवावं लागतं. तुमचा ठेका कहरव्याचा, मिनिटाला ९६ मात्रांचा, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. शेवटच्या कडव्यात आवर्तनाला एकच शॉट ठेवून कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर घेतला असता तर तिथे सुमारे ६० टक्केच शॉट पुरले असते. तसा कट आजही करून पाहा. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदललं ते लिहिलंत तर मसुद्याचा सगळ्यात भक्कम परिच्छेद तोच होईल.

लिहिण्याची पद्धत एका उदाहरणातून सांगतो. 'वेळेचं नियोजन नीट करायला हवं होतं' हे वाक्य कुठल्याही व्हिडिओला चालेल, म्हणून ते कापा. त्याऐवजी: '२:०५ ते २:४० मध्ये तलावाचा एकच शॉट तीनदा आला आहे. पहिल्या दिवशी कारखान्यात सहा तास गेले, कारण ओठांचे टेक माग चालू ठेवून घेतले आणि ते पुन्हा घ्यावे लागले.' असे चार-पाच परिच्छेद झाले की १५०० शब्द सहज भरतात. जमलेल्या दोन जागाही याच काटेकोरपणे लिहा: धोट्याचा (मागात आडवा धागा नेणाऱ्या भागाचा) शॉट ठेक्यावर बसला, तर तो एडिटिंगमध्ये बसवला की आधी ऐकून घेतला होता?

आणि प्रेक्षकांचं मत मागताना 'कसा वाटला' विचारू नका. गाणं न ऐकलेल्या पाच जणांना व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा आणि लक्ष कुठे उडालं तो सेकंद टिपून घ्या.