रिपोर्टमध्ये ‘२+’ आलंय, आता ही फिश टेस्ट कशाला?

“एकदा तपासलंय ना मॅडम? मग परत कशाला? आणि जनुकच बिघडलंय म्हणतात, तर माझ्या मुलीचं काय?”

५२ वर्षांच्या बाई, स्तनातली कर्करोगाची गाठ काढून तीन आठवडे झालेले, सोबत कॉलेजातली मुलगी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रिपोर्टवर लिहिलेलं: ‘हर-टू २+, संदिग्ध, फिश करावे’. घरात कुणीतरी त्याचा अर्थ ‘दुसरी स्टेज’ असा लावला होता. तो गैरसमज आधी दूर केला. २+ चा स्टेजशी काही संबंध नाही.

आयएचसी तपासणीत, म्हणजे गाठीच्या चकतीला रंग देऊन पाहताना, पेशीच्या आवरणावरचं हर-टू प्रथिन (पेशीला वाढायचा इशारा देणारं) तपकिरी रंगात दिसतं. १० टक्क्यांहून जास्त कर्करोग-पेशींभोवती गडद, अखंड कडं दिसलं की ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. मधला २+ रंगावरून ठरवता येत नाही. तपासणी चुकली असा त्याचा अर्थ नव्हे. अशा वेळी प्रथिन सोडून ते बनवणाऱ्या हर-टू जनुकाच्याच प्रती मोजायच्या, त्यासाठी फिश.

गाठीचा तुकडा ज्या मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो, त्याच ब्लॉकमधून ४-५ मायक्रॉनची चकती कापतात. मेण काढून एन्झाइमने पेशी थोड्या मोकळ्या करतात, उष्णता देऊन डीएनएचे दोन धागे सुटे करतात आणि चमकणारे प्रोब (ठरावीक जागीच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) टाकून स्लाइड रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी जास्तीचा प्रोब धुऊन काढायचा. मग फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली निळी केंद्रकं, त्यात हर-टूचे केशरी ठिपके आणि १७ व्या गुणसूत्राच्या मध्यभागाचे हिरवे ठिपके दिसतात. हिरवे कशाला? हर-टू जनुक याच गुणसूत्रावर असतं. अख्खं गुणसूत्रच वाढलं असेल तरी केशरी ठिपके वाढतील, म्हणून दोघांचं गुणोत्तर काढावं लागतं.

या बाईंची पहिली फिश वाचताच आली नाही. ठिपके फिके, केंद्रकं पोकळ सावल्यांसारखी. चौकशीत कळलं की शस्त्रक्रिया शनिवारी संध्याकाळी झाली आणि गाठ सोमवारपर्यंत सलाइनमध्येच होती. गाठ काढल्यावर तासाभरात कापून १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) जायला हवी आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. नाहीतर आतला डीएनए सडत जातो, मग कितीही चांगला प्रोब असला तरी तो चिकटणार कशाला! हे ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची यात काहीच चूक नव्हती, आणि वाटही होती. आधीची सुईची बायोप्सी दुसऱ्या लॅबमध्ये वेळेवर फॉर्मलिनमध्ये गेली होती. तो ब्लॉक मागवला. (ब्लॉक नेताना उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आणि सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक कधीही टाकून देऊ नका.)

यावेळी २० पेशींत केशरी ठिपके ९६, हिरवे ३८. म्हणजे पेशीमागे हर-टूच्या सरासरी ४.८ प्रती, गुणोत्तर २.५३. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि प्रती ४ किंवा जास्त, म्हणून पॉझिटिव्ह. मुलीने विचारलं, “हिरवे ४० हवेत ना, प्रत्येकी दोन?” प्रश्न अगदी बरोबर होता. चकती इतकी पातळ असते की काही केंद्रकं अर्धवट कापली जातात आणि एखादा ठिपका चकतीबाहेर राहतो. आकडे सीमारेषेवर असते तर दुसऱ्या तज्ज्ञाने, पहिला निकाल न पाहता, पुन्हा मोजले असते.

या एका आकड्यावर वर्षभराचे उपचार ठरतात. केमोसोबत ट्रास्टुझुमॅब (हर-टू प्रथिनावर नेम धरणारं औषध), बहुधा दर तीन आठवड्यांनी, आधी इकोकार्डिओग्राम आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा, कारण या औषधाने हृदयाची ताकद कमी होऊ शकते. फिश निगेटिव्ह असती तर या टप्प्यावर त्या औषधाचा फायदा नव्हता. खर्च आणि हृदयावरचा ताण मात्र झालाच असता. म्हणून थांबलेले ते दिवस वाया गेले नाहीत.

आता मुलीची काळजी. फोटोत कर्करोग-पेशींमध्ये केशरी ठिपके जास्त होते, पण शेजारच्याच निरोगी पांढऱ्या रक्तपेशींत दोन केशरी, दोन हिरवे. मुलीने बोट ठेवून मोजले. वाढलेल्या प्रती गाठीतच तयार झाल्या आहेत. त्या आईच्या रक्तात नाहीत, मुलीकडे आलेल्या नाहीत आणि येणारही नाहीत.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, “माझ्या बहिणीला पंचेचाळिशीत अंडाशयाचा कॅन्सर झाला होता.” हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर फिश देत नाही. त्यासाठी बीआरसीए १ आणि २ या जनुकांची रक्त-तपासणी; त्यांतला बदल पालकांकडून मुलांकडे येऊ शकतो आणि स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. रक्त आधी आईचं घ्यायचं, मुलीचं नाही. आईत घातक बदल सापडला, तरच मुलीत नेमका तोच बदल शोधायचा.