पावसात सायकलने ऑफिस: रेनकोटाआधी ब्रेक बघा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: पुण्यात कर्वेनगरहून शिवाजीनगरला रोज सात-आठ किलोमीटर सायकलने जायला एप्रिलपासून सुरुवात केलीत. पाऊस लागला आणि पहिल्याच आठवड्यात सिग्नलला ब्रेक दाबूनही सायकल थांबेना, पुढच्या रिक्षावर जाऊन टेकली. लागलं नाही, पण आई म्हणते की आता दिवाळीपर्यंत सायकल बंद. तुम्हाला विचारायचंय की रेनकोट कोणता घ्यावा आणि डिस्क ब्रेकची नवी सायकल घ्यावीच लागेल का.

मी २००९ पासून वडगावहून स्टेशनजवळच्या ऑफिसात सायकलने जाते, पावसाळ्यातही. नवीन सायकल घेऊ नका, निदान या वर्षी तरी. आणि रेनकोटाचा विचार सगळ्यात शेवटी करा. भिजल्याने कुणाचं काही बिघडत नाही, अंग पुसून कपडे बदलले की झालं. पावसात जपायचं ते दोन गोष्टींना: आपण वेळेत थांबतो का, आणि मागच्याला आपण दिसतो का.

आधी थांबण्याबद्दल. साध्या ब्रेकमध्ये रबर रिमला घासून चाक थांबवतं. रिम ओली असली की दाबल्यावर पहिले एक-दोन फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात आणि पकड त्यानंतर येते. उन्हाळ्यात जिथे ब्रेक दाबायची सवय लागली, तिथेच पावसात दाबला की सायकल तेवढी पुढे जाणारच. तुमचं रिक्षाच्या वेळी नेमकं हेच झालं. म्हणून सिग्नल लांबून दिसला की हलकेच ब्रेक टेकवायचे, रिम पुसून घ्यायची, आणि मग खरा ब्रेक लावायचा. आठवडाभरात हाताला सवय होते. दोन्ही ब्रेक एकत्र, पण हळूहळू वाढवत. आणि वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा, वळताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही.

मात्र रिम कशाची आहे ते बघून घ्या. जुन्या काळ्या सायकलींना चकचकीत क्रोमच्या स्टीलच्या रिम असतात. पुण्यात त्यांच्यावर पिढ्या वाढल्या, पण ओल्या स्टीलवर रबर जवळजवळ धरतच नाही. तुमची तशी असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या रिम बसवून घ्या, नव्या सायकलीच्या मानाने खर्च फारच थोडा येतो.

अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आज घरी जाऊन एवढं करा. रिमवरून बोट फिरवा, काळं, ग्रीससारखं काहीतरी बोटाला लागेल. रबर, धातू आणि रस्त्यावरची रेती यांचा तो चिखल असतो. ओल्या फडक्याने तो पुसून काढा. मग ब्रेकचे रबर उजेडात धरून बघा. त्यात चांदीच्या चुऱ्यासारखे बारीक कण रुतलेले दिसतील. ते रिमचेच तुकडे असतात. ब्रेक लावताना करकर आवाज येतो तो त्यांचाच, आणि दर वेळी ते रिम आणखी खरवडतात. सुईने एकेक कण उकरून काढायचा आणि वरचा गुळगुळीत झालेला थर पॉलिश पेपरने हलका घासायचा. जुलै-ऑगस्टमध्ये मी दर रविवारी सकाळी चहा झाल्यावर हे करते, वीस मिनिटं लागतात. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर सरळ नवे टाका. एका पावसाळ्यात माझे दोन जोड झिजतात. डिस्क ब्रेक ओल्यात चांगले लागतात यात शंका नाही, पण त्यांचे पॅडही पावसाळ्यात भराभर झिजतात आणि ते झिजलेले पटकन लक्षात येत नाहीत.

टायरच्या नक्षीची चिंता करू नका. सायकलचा टायर अरुंद असतो, त्यामुळे मोटारीसारखा तो पाण्याच्या थरावर तरंगत नाही. हवा मात्र नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. मी ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये उन्हाळ्यात ६५ पीएसआय भरते आणि पावसाळ्यात ५०. आणि पंक्चरची तयारी ठेवा. ओल्या रबरात काच सहज शिरते.

घसरायला होतं ते डांबरावर कमी, डांबरावरच्या इतर गोष्टींवर जास्त. चेंबरची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेले पत्रे, झेब्रा क्रॉसिंगचे जाड रंगाचे पट्टे, सोसायटीच्या दारातल्या गुळगुळीत फरशा. जूनमध्ये गुलमोहराच्या पाकळ्यांचा लगदा होतो तोही यातलाच. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल पहिल्या पावसात वर येतं, तेव्हा पहिल्या सरीचा अर्धा तास थांबलात तर उत्तम. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दांडेकर पुलाच्या चौकात वळताना माझं पुढचं चाक झाकणावर आलं आणि नेमका त्याच क्षणी मी ब्रेक दाबलेला होता. काय झालं ते कळायच्या आत मी रस्त्यावर. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. तेव्हापासून लोखंड आलं की हँडल सरळ, ब्रेक मोकळे, पायडल थांबलेलं, आणि तसंच वरून निघून जायचं. शक्य असेल तर ते आधीच टाळायचं, पण ऐनवेळी झटका देऊन नाही, मागून पीएमपीची बस येत असते.

आणि साचलेल्या पाण्यातून सायकल कधीही घालू नका. काल जिथे सपाट रस्ता होता तिथे आज हातभर खड्डा असू शकतो.

आता दिसण्याबद्दल. पावसात मोटारवाल्याच्या काचेवर वाफ धरलेली असते, आरशावर थेंब असतात, वायपर चालू असतो. आपण त्याला दिसतच असणार असं धरून चालू नका. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा. दिवा घेताना पावसात टिकणारा घ्या, खोक्यावर आयपीएक्स ४ किंवा त्याहून मोठा आकडा लिहिलेला असतो. आणि घरून निघण्यापूर्वी पूर्ण तयारीनिशी सायकलवर बसून आईला दहा पावलं मागे उभं करा आणि विचारा, दिवा दिसतोय का? बऱ्याच जणांचा दिसत नाही, कारण सीटखाली लावलेल्या दिव्यावर रेनकोटाचा घोळ येतो. दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा. काळा किंवा गडद निळा रेनकोट घेऊ नका, पिवळा किंवा केशरी घ्या.

रेनकोटाचं म्हणाल तर पुण्यातल्या जुलैत हवा दमट असते आणि थंडी नसते. त्यात पायडल मारताना बंद रेनकोट घातला की आतून घामाने तितकंच भिजायला होतं. महागड्या, हवा खेळती ठेवणाऱ्या जॅकेटांचंही या दमटपणात फार चालत नाही. आपण पर्जन्यछायेत आहोत. ताम्हिणी घाटात कोसळतो तसा पाऊस इथे रोज नसतो, बहुतेक सकाळी नुसती भुरभुर असते. अशा दिवशी मी पातळ टी-शर्टवर जाते आणि पोचल्यावर बदलते. रिपरिप असेल तर पुढून चेनचं, बगलेत खिडक्या असलेलं साधं जॅकेट. खाली रेनपँट घालतच नाही, तिचा घोळ चेनमध्ये अडकतो. ओढणीही बॅगेत ठेवा, गळ्यात नको. पोंचो सरळ रस्त्यावर बरा वाटतो, पण पुलावर वाऱ्याने फुगला की सायकल ओढली जाते. म्हात्रे पुलावर एकदा अनुभव घेतला आणि घरी आल्यावर तो भाजीवाल्या काकूंना देऊन टाकला.

रेनकोटापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत मडगार्ड, पूर्ण लांबीचे, पुढच्याला खाली रबराची झूल असलेले. चिखल बहुतेक खालूनच उडतो. चष्मा असेल तर हेल्मेटखाली पुढे झाप असलेली टोपी घाला. पायात सँडल घाला, मोजे आणि बूट ऑफिसातच ठेवा. सोमवारी आठवड्याचे कपडे नेऊन ठेवलेत तर रोजचं ओझं वाचतं. बॅगेवरच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. लॅपटॉप आणि कपडे आतल्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून.

संध्याकाळी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, आणि सकाळी वरचं तेल पुसून निघा. आठवड्यातून दोनदा पुरे. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली मात्र सायकल धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं.

काही दिवस सायकल घरीच ठेवायची, आणि यात मी अजिबात तडजोड करत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा असतात, तेव्हा थांबायचं. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की भिडे पुलाकडे आणि नदीपात्रातल्या रस्त्याकडे फिरकायचं नाही. तुम्ही म्हात्रे पुलापासून पात्रातून डेक्कनला जात असाल तर त्या दिवसांत कर्वे रस्ताच धरा, गर्दी असली तरी. २५ जुलै २०२४ ला आमच्याच सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी होतं आणि डेक्कनला पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पाण्यात उभ्या असलेल्या खांबाजवळून, विजेच्या डीपीजवळून सायकल हातात धरूनसुद्धा जायचं नाही. बसने जा, ऑफिसला कळवून उशिरा जा, कुणी काही म्हणणार नाही.

आईंना हेही सांगा की असे दिवस सबंध पावसाळ्यात मोजकेच येतात आणि त्या दिवशी तुम्ही स्वतःहून सायकल काढणार नाही. माझ्या आईचा विरोध याच कबुलीनंतर निवळला.

रिम स्टीलच्या आहेत की अ‍ॅल्युमिनियमच्या ते चुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील. ते आणि टायरवर लिहिलेलं माप कळवा, म्हणजे कोणते रबर आणि किती रुंदीचे मडगार्ड बसतील ते सांगते.